क्रीडा संचालक नेमताना क्रिस्टीन ग्रँट यांची कारकीर्द समोर ठेवा : अमेरिकी विद्यापीठांच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
अमेरिकेतील विद्यापीठांचे सन्माननीय अध्यक्ष आणि विश्वस्त मंडळांचे सदस्य

सप्रेम नमस्कार,

१ जुलै २०२५ पासून आपल्या विद्यापीठांच्या हाती एक नवा अधिकार आला आहे. ‘एनसीएए’ या, महाविद्यालयीन खेळांचा कारभार पाहणाऱ्या राष्ट्रीय संघटनेविरुद्ध खेळाडूंनी लावलेल्या दाव्यात ६ जून २०२५ रोजी न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना आता आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येतात आणि पहिल्या वर्षासाठी या रकमेची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. हे पैसे कोणत्या खेळाला किती द्यायचे, हे प्रत्यक्षात ठरवतो तो विद्यापीठाचा क्रीडा संचालक, आणि त्या क्रीडा संचालकाला नेमता, त्याचा करार ठरवता व त्याला मुदतवाढ देता ते आपण. म्हणून हे पत्र क्रीडा संचालकांना न लिहिता आपल्याला लिहीत आहे.

पत्र मराठीत का, असे कोणी विचारील. तुमच्या विद्यापीठांत शिकणाऱ्या, तुमच्या तलावांत पोहणाऱ्या आणि तुमच्या मैदानांवर धावणाऱ्या अनेक मुलींच्या घरांत ही भाषा बोलली जाते. या घरांतील आईवडिलांना खेळाच्या शिष्यवृत्तीचे नियम पाठ असतात, पण ज्या व्यवस्थेमुळे आपल्या मुलीला ती शिष्यवृत्ती मिळते ती व्यवस्था कोणी उभी केली, हे त्यांच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. पत्र आपल्याला उद्देशून असले, तरी या पालकांनीही ते वाचावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझे म्हणणे एकाच कारकिर्दीच्या आधारे मांडते. आयोवा विद्यापीठाच्या महिला क्रीडा संचालक डॉ. क्रिस्टीन ग्रँट यांनी १९७३ ते २००० अशी सत्तावीस वर्षे त्या एकाच पदावर काम केले. त्यांचा जन्म १९३६ साली स्कॉटलंडमधील बोनेस या गावी झाला. शारीरिक शिक्षणाच्या शिक्षिका आणि मैदानी हॉकीच्या प्रशिक्षक म्हणून त्यांनी कामाला सुरुवात केली. पुढे त्या कॅनडात गेल्या, तेथील हॉकीच्या जडणघडणीत त्यांनी भाग घेतला आणि साठच्या दशकाच्या अखेरीस शिक्षणासाठी आयोवात आल्या. ज्या वयात बहुतेकांचे व्यावसायिक आयुष्य स्थिरावलेले असते, त्या वयात त्या पदवीपासून पीएचडीपर्यंतच्या परीक्षा देत होत्या. पीएचडी पूर्ण होण्यापूर्वीच विद्यापीठाने त्यांच्याकडे महिला क्रीडा विभाग सोपवला.

‘विभाग’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. २३ जून १९७२ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सहीने ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेला लिंगाच्या आधारे भेदभाव करता येणार नाही, एवढेच तो सांगतो, आणि खेळांचा उल्लेख त्याच्या मूळ वाक्यात कोठेही नाही. त्याची अंमलबजावणी कशी करायची यावर पुढची अनेक वर्षे वाद चालले. बहुतेक विद्यापीठांनी सोपी वाट धरली : पुरुषांच्या क्रीडा विभागात मुलींसाठी एक कोपरा करायचा, त्यावर एक सहायक नेमायची आणि उरलेसुरले पैसे तिच्याकडे सरकवायचे. आयोवाने, विलर्ड बॉइड अध्यक्ष असताना, पुरुषांच्या विभागाच्या बरोबरीने महिलांचा स्वतंत्र विभाग उभा केला आणि त्याला स्वतंत्र संचालक दिली. त्यामुळे अर्थसंकल्पाच्या चर्चेत मुलींच्या बाजूने बोलणारी व्यक्ती कोणाची हाताखालची नव्हती. ‘आमच्या खेळांना एवढे पैसे लागतील’ असे म्हणण्याचा तिला अधिकार होता आणि नकार मिळालाच तर तो का मिळाला, हे विचारण्याचाही. संस्था कशा चालतात हे आपल्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे, तेव्हा या एका फरकाने किती गोष्टी बदलतात हे वेगळे सांगायला नको.

त्या काळात मुलींच्या महाविद्यालयीन खेळांचा कारभार ‘एनसीएए’कडे नव्हता. तो ‘एआयएडब्ल्यू’ या, १९७१ साली स्थापन झालेल्या, महिलांनी चालवलेल्या संघटनेकडे होता. ग्रँट तिच्या जडणघडणीत होत्या आणि १९८०-८१ मध्ये तिच्या अध्यक्षही होत्या. या संघटनेबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण आज आपल्यासमोर असलेले बहुतेक प्रश्न तिने पन्नास वर्षांपूर्वीच टेबलावर मांडले होते. पुरुषांच्या खेळांत खेळाडू मिळवण्यासाठी चाललेली पैशांची उधळण, अभ्यासाची आबाळ, प्रशिक्षकांची मनमानी हे सारे या शिक्षिकांनी जवळून पाहिलेले होते आणि मुलींना संधी देताना ती दुखणीही त्यांच्या पदरात टाकावीत, हे त्यांना मान्य नव्हते. म्हणून त्यांनी प्रशिक्षकांच्या भरतीदौऱ्यांवर कडक बंधने घातली, निर्णयप्रक्रियेत विद्यार्थिनींना स्थान दिले आणि खेळाडूवर कारवाई करण्यापूर्वी तिचे म्हणणे ऐकून घेण्याचा नियम केला. त्यांचे सगळेच बरोबर होते असे माझे म्हणणे नाही. सुरुवातीला त्यांनी क्रीडा शिष्यवृत्त्यांवरच बंदी घातली होती आणि ती १९७३ मध्ये, न्यायालयीन दाव्यानंतर, त्यांना मागे घ्यावी लागली. तरीही विद्यार्थी आधी आणि खेळाडू नंतर, या तत्त्वावर शेकडो महाविद्यालयांचा कारभार काही वर्षे खरोखर चालवून दाखवणारी दुसरी मोठी संघटना मला माहीत नाही.

ती टिकली नाही. ‘एनसीएए’ने आधी टायटल नाइनच्या क्रीडाविषयक नियमांना न्यायालयात आव्हान दिले आणि ते जमले नाही तेव्हा १९८१-८२ पासून मुलींच्या पहिल्या श्रेणीच्या स्पर्धा स्वतःच भरवायला सुरुवात केली. तिच्याकडे पैसा होता, दूरचित्रवाणीचे करार होते आणि स्पर्धेला येणाऱ्या संघांचा खर्च उचलण्याची ताकद होती. एकेक विद्यापीठ तिकडे वळले, ‘एआयएडब्ल्यू’चे उत्पन्न आटले, मक्तेदारीविरोधी कायद्याखाली तिने लावलेला दावा फेटाळला गेला आणि संघटना बंद पडली. ज्या संस्थेसाठी दहा वर्षे झिजलो ती डोळ्यांदेखत मोडल्यावर अनेक जणींनी हे क्षेत्रच सोडले. ग्रँट मात्र आयोवातील आपल्या पदावर राहिल्या, नव्या व्यवस्थेतही त्याच मागण्या घेऊन बैठकांना बसल्या आणि टायटल नाइनच्या प्रश्नावर अमेरिकी काँग्रेसच्या समित्यांपुढे साक्षी देत राहिल्या. दीर्घ कारकीर्द म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे चढता आलेख येतो. या कारकिर्दीच्या मध्यावर एक मोठा पराभव आहे आणि तिची उरलेली सतरा-अठरा वर्षे त्या पराभवानंतरची आहेत.

१९८३ साली त्यांनी बास्केटबॉलच्या प्रशिक्षक म्हणून सी. व्हिव्हियन स्ट्रिंगर यांना आणले. स्ट्रिंगर यांनी त्यापूर्वी चेनी स्टेट या लहानशा, परंपरेने कृष्णवर्णीयांच्या असलेल्या महाविद्यालयाच्या संघाला, १९८२ साली ‘एनसीएए’ महिला बास्केटबॉलच्या पहिल्याच स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत नेले होते. त्यांच्या लहान मुलीला तान्हेपणीच्या मेंदुज्वरामुळे कायमचे अपंगत्व आले होते आणि आयोवा सिटीत विद्यापीठाचे मोठे रुग्णालय होते. चांगला प्रशिक्षक हवा असेल तर त्याच्या घरच्या अडचणींचाही विचार करावा लागतो, ही गोष्ट क्रीडा संचालकाच्या कामाच्या वर्णनात कोठे लिहिलेली नसते, पण उत्तम संचालक तीवरूनच ओळखता येतो. स्ट्रिंगर बारा वर्षे आयोवात राहिल्या आणि १९९३ मध्ये त्यांचा संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चार संघांत पोहोचला.

त्यातला एक दिवस येथे जरा जवळून सांगते. रविवार, ३ फेब्रुवारी १९८५. आयोवाच्या मुलींचा सामना ओहायो स्टेटशी होता. ठिकाण होते कार्व्हर-हॉकाय अरीना, दोनच वर्षांपूर्वी उघडलेले, सुमारे साडेपंधरा हजार आसनांचे. ग्रँट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सभागृह मुलींच्या सामन्याला भरून दाखवायचे असा चंग बांधून प्रचार केला होता. प्रत्यक्षात २२,१५७ प्रेक्षक आले. आसने भरली, मग पायऱ्या भरल्या, मग आसनांमधल्या वाटा भरल्या. महिला महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील तोपर्यंतची ती सर्वांत मोठी गर्दी होती. आयोवाच्या मुली तो सामना हरल्या. मर्यादेपेक्षा जास्त माणसे आत घेतल्याबद्दल अग्निशमन अधिकाऱ्यांची समज ग्रँट यांना ऐकून घ्यावी लागली आणि ती गोष्ट त्या पुढे अभिमानाने सांगत. ‘मुलींचे सामने कोणी बघत नाही’ हे वाक्य त्यांनी किती बैठकांत ऐकले असेल याची कल्पना केली, की हा अभिमान समजतो.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सारे सांगितले त्याकडे येते. ग्रँट यांच्या कारकिर्दीत आयोवाच्या मुलींच्या संघांनी बिग टेन परिषदेची (आपसांत स्पर्धा खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटाची) २७ विजेतेपदे मिळवली. राष्ट्रीय विजेतेपद मात्र एकच, १९८६ साली, मैदानी हॉकीत. सत्तावीस वर्षांत एक. आज आपल्यापैकी एखाद्या विद्यापीठाने क्रीडा संचालकाची जागा भरायला काढली, शोधाचे काम नेहमीप्रमाणे एखाद्या खासगी सल्लागार कंपनीकडे दिले आणि त्या कंपनीपुढे हा आकडा ठेवला, तर क्रिस्टीन ग्रँट यांना मुलाखतीला तरी बोलावले जाईल काय? त्यांच्याकडे अमेरिकी फुटबॉलच्या यशाचा अनुभव नव्हता, कारण त्यांच्या विभागात फुटबॉल नव्हताच. मोठ्या देणगीदारांचा ताफा त्यांच्यामागे नव्हता. त्यांनी नफा करून दाखवला नव्हता. तरीही अमेरिकी विद्यापीठीय खेळांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास लिहायला बसणाऱ्याला त्यांचे नाव टाळता येणार नाही आणि खुद्द ‘एनसीएए’नेही २००७ साली आपला गेराल्ड फोर्ड पुरस्कार त्यांना दिला. याचा अर्थ, आपण ज्या मोजपट्ट्या वापरता त्यांत काहीतरी मोठे निसटते आहे.

त्याच काळातले दुसरे प्रसिद्ध नाव मिशिगनचे डॉन कॅनहॅम यांचे. ते १९६८ ते १९८८ अशी वीस वर्षे क्रीडा संचालक होते. तिकिटे, जाहिराती आणि विद्यापीठाच्या नावाच्या वस्तू यांतून पैसा कसा उभा करावा हे त्यांनी सगळ्या देशाला शिकवले आणि एक लाखाहून अधिक आसनांचे फुटबॉलचे मैदान दर सामन्याला भरण्याची मिशिगनची परंपरा त्यांच्याच काळात, १९७५ साली, सुरू झाली. त्यांचे कर्तृत्व मी नाकारत नाही. पण टायटल नाइनच्या नियमांवर जाहीर टीका करणाऱ्यांतही ते आघाडीवर होते, आणि आज आपण क्रीडा संचालक नेमताना मनात जी मूर्ती असते ती कॅनहॅम यांच्याच साच्यातून निघालेली आहे. तो साचा इतका रूढ झाला आहे की दुसरा असू शकतो हेही विसरले गेले आहे.

दुसरा साचा विसरला जाण्याला एक ठोस कारण आहे. ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकांत विद्यापीठांनी एकापाठोपाठ एक आपले महिला क्रीडा विभाग पुरुषांच्या विभागांत विलीन केले. १९७२ मध्ये मुलींच्या क्रीडा कार्यक्रमांच्या प्रमुखपदी नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. २०१४ पर्यंत हे प्रमाण सुमारे बावीस टक्क्यांवर आले. मुलींच्या संघांच्या प्रशिक्षकांतही १९७२ साली नव्वद टक्क्यांहून जास्त स्त्रिया होत्या, त्या २०१४ मध्ये त्रेचाळीस टक्क्यांच्या आसपास उरल्या. खेळणाऱ्या मुली कितीतरी पटींनी वाढल्या आणि त्यांचा कारभार पाहणाऱ्या स्त्रिया मात्र घटल्या. विलीनीकरणानंतरच्या एका विभागात दोन संचालक असू शकत नव्हते आणि जो राहिला तो बहुतेक ठिकाणी पुरुषांच्या विभागाचा संचालक होता. आयोवाने आणि टेक्साससारख्या मोजक्या विद्यापीठांनी हे बराच काळ टाळले. ग्रँट २००० साली निवृत्त झाल्या आणि त्याबरोबरच आयोवातलेही दोन विभाग एक झाले. त्या एकत्रित विभागाच्या प्रमुखपदी कायम नेमणूक होऊन पहिली स्त्री, बेथ गोएट्झ, आली ती जानेवारी २०२४ मध्ये. मधल्या काळात, २०१७ साली, विभागातील एका ज्येष्ठ महिला अधिकाऱ्याने लिंगभेदाविरुद्ध केलेल्या दाव्यात ज्युरीने विद्यापीठाच्या विरुद्ध निकाल दिला होता. एवढ्या मोठ्या कामाचा वारसा लाभलेल्या संस्थेतही, तो वारसा सांभाळणारी खुर्ची काढून घेतली की काय होते, हे यावरून दिसते.

खेळ बंद करण्याच्या निर्णयांबद्दल थोडे बोलते, कारण तेथे माझा स्वतःचा अनुभव आहे. माझी मुलगी एका विद्यापीठाच्या पोहण्याच्या संघात होती. त्या विद्यापीठाचे नाव येथे महत्त्वाचे नाही. एका सकाळी संघातल्या सगळ्यांना दूरस्थ बैठकीचा दुवा आला. पडद्यावर क्रीडा संचालक आले, त्यांनी कागदावरून वाचून दाखवले की आर्थिक परिस्थितीमुळे हा संघ चालू वर्षानंतर बंद होईल, आणि प्रश्नांसाठी एक ईमेल पत्ता देऊन बैठक संपवली. सर्वांचे आवाज बंद ठेवलेले होते, त्यामुळे कोणालाही काही विचारता आले नाही. माझी मुलगी त्यानंतर बराच वेळ पोहण्याची पिशवी मांडीवर घेऊन बसून होती. त्या संघाचा वर्षाचा खर्च किती होता, तो फुटबॉलच्या खर्चाच्या किती टक्के होता, दुसरा कोणता मार्ग तपासून पाहिला होता, या पालकांच्या प्रश्नांना पुढे आलेल्या उत्तरात एकही आकडा नव्हता. खेळाडूवर परिणाम करणाऱ्या निर्णयापूर्वी तिचे म्हणणे ऐकून घ्यावे, हा ‘एआयएडब्ल्यू’चा नियम मला त्या दिवशी फार आठवला.

आयोवातही ऑगस्ट २०२० मध्ये असाच निर्णय झाला होता. मुलांचे जिम्नॅस्टिक्स, मुलांचे टेनिस आणि मुलामुलींचे पोहणे असे चार संघ बंद करण्याचे जाहीर झाले. पोहणाऱ्या मुलींनी टायटल नाइनखाली दावा लावला, डिसेंबरमध्ये न्यायालयाने संघ बंद करण्याला स्थगिती दिली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये विद्यापीठाने मुलींचा पोहण्याचा संघ कायम ठेवला. पुढे आयोवाने मुलींची कुस्तीही सुरू केली. मोठ्या परिषदांमधील विद्यापीठांत असे करणारे ते पहिले ठरले आणि २०२४ मध्ये त्या संघाने पहिल्याच हंगामात राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. परवडत नाही म्हणून संघ बंद करायला निघालेल्या विभागाने सुमारे वर्षभरात नव्या संघाची घोषणा केली. म्हणजे पैसे नव्हते असे नाही, ते कोठे घालायचे याबद्दलची समज अपुरी होती. मुलांचे संघ मात्र परत आले नाहीत, याचेही मला तितकेच वाईट वाटते. ग्रँट यांचे या बाबतीतले म्हणणे सुरुवातीपासून स्पष्ट होते. मुलांचे लहान खेळ बंद पडण्याचे खापर मुलींवर फोडले जाते, पण खरा पैसा फुटबॉल आणि मुलांच्या बास्केटबॉलमधल्या खर्चाच्या चढाओढीत जातो, असे त्या वारंवार सांगत.

आज ही चढाओढ एका नव्या टप्प्यावर आहे. सुरुवातीला सांगितलेल्या तडजोडीतील, आधीच्या वर्षांतील खेळाडूंसाठीच्या नुकसानभरपाईच्या सूत्रात मोठ्या परिषदांसाठी सुमारे पंचाहत्तर टक्के रक्कम फुटबॉलला, पंधरा टक्के मुलांच्या बास्केटबॉलला, पाच टक्के मुलींच्या बास्केटबॉलला आणि उरलेले पाच टक्के बाकीच्या सर्व खेळांना, असे वाटप धरले आहे. पुढच्या वर्षांच्या वाटपासाठी असे सूत्र कोणी बंधनकारक केलेले नाही, तरी अनेक विद्यापीठांनी तेच प्रमाण डोळ्यांपुढे ठेवले आहे. या पैशांना टायटल नाइन लागू होते की नाही, यावर शिक्षण विभागाने जानेवारी २०२५ मध्ये एक भूमिका घेतली आणि सरकार बदलल्यावर फेब्रुवारीत ती मागे घेतली. कायद्याचे उत्तर यायचे तेव्हा येईल. तोपर्यंत निर्णय आपल्या हाती आहे आणि ‘जो खेळ कमावतो त्याला पैसे’ हे तत्त्व वरवर इतके न्याय्य वाटते की त्यावर प्रश्न विचारणाराच अव्यवहारी ठरतो.

हेच तत्त्व १९७३ साली आयोवात लावले असते तर काय झाले असते, याचा कृपया विचार करा. मुलींच्या खेळांचा वाटा शून्य आला असता, कारण त्यांचे उत्पन्न जवळजवळ शून्य होते. स्ट्रिंगर यांना आणायला पैसे मिळाले नसते. १९८५ चा तो रविवार उजाडला नसता. त्या सभागृहात मुलींचे बास्केटबॉल पाहायला जायची सवय एका संपूर्ण राज्याला लागली नसती. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी आयोवाच्या किनिक फुटबॉल मैदानावर मुलींच्या बास्केटबॉलचा सरावसामना पाहायला ५५,६४६ लोक आले आणि एप्रिल २०२४ मध्ये आयोवा आणि साउथ कॅरोलायना यांच्यातील राष्ट्रीय अंतिम सामना अमेरिकेत सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. मुलांच्या अंतिम सामन्याचे प्रेक्षक त्या वर्षी सुमारे १ कोटी ४८ लाख होते. या गर्दीचे श्रेय केटलिन क्लार्क या असामान्य खेळाडूला द्यायलाच हवे. पण क्लार्क आयोवातच वाढल्या, आणि मुलींचा खेळ गंभीरपणे घेणे हे ज्या राज्यात चार दशके रुजवले गेले होते तेथे त्या वाढल्या, हेही विसरून चालणार नाही. ग्रँट ३१ डिसेंबर २०२१ रोजी वारल्या. त्यांनी ज्यासाठी पैसे मागितले त्यातील बऱ्याच गोष्टींचे उत्पन्न त्यांच्या निवृत्तीनंतर वीस-बावीस वर्षांनी दिसू लागले. इतक्या उशिरा फळ देणारी गुंतवणूक करण्याची मुभा आपण आज कोणत्या क्रीडा संचालकाला देता?

या पत्रातून माझ्या काही मागण्या आहेत आणि त्या मी शक्य तितक्या नेमक्या शब्दांत मांडते.

क्रीडा संचालकाच्या कराराकडे आधी पाहा. फुटबॉल संघ अमुक फेरीपर्यंत पोहोचला तर संचालकाला इतके हजार डॉलर, अशी कलमे त्यात सर्रास असतात. ज्याचा बोनस फुटबॉलवर अवलंबून आहे त्याला फुटबॉलचा वाटा ठरवायला सांगणे योग्य नाही. बोनस द्यायचाच असेल तर किती संघ टिकले, किती मुलामुलींना प्रत्यक्ष खेळायला मिळाले, किती जणांनी पदवी पूर्ण केली, किती प्रशिक्षक समाधानाने राहिले, यांवर तो ठेवा. खेळणाऱ्यांची संख्या मोजताना ती प्रामाणिकपणे मोजा, कारण मुलींच्या संघाबरोबर सराव करणारी मुले त्या संघाच्या खेळाडूंत धरून आकडा फुगवण्याची पळवाट अनेक विद्यापीठांनी वापरलेली आहे आणि नियमांत बसते म्हणून ती योग्य ठरत नाही.

मुलाखतीत उमेदवाराला त्याच्या पूर्वीच्या विद्यापीठात सर्वांत कमी पैसे मिळणाऱ्या संघाबद्दल विचारा. त्या संघाचे प्रशिक्षक कोण, तो प्रवासाला कसा जातो, त्याची कपडे बदलण्याची खोली कोठे आहे, हे त्याला सांगता यावे. कमाई करणाऱ्या संघाची माहिती प्रत्येकाला असते. या प्रश्नांच्या उत्तरांतून माणूस लवकर कळतो, असे मला वाटते.

खेळाडूंना दिल्या जाणाऱ्या थेट रकमांचे खेळनिहाय वाटप दरवर्षी जाहीर करा. कोणा खेळाडूचे वैयक्तिक मानधन मागण्याचा हेतू नाही, केवळ प्रत्येक खेळाची एकूण रक्कम हवी. १९९४ च्या कायद्यानुसार आपण क्रीडाखर्चाचा अहवाल सरकारला देतच असता, त्यामुळे हिशेब ठेवणे जड जाईल हे कारण टिकणार नाही.

कोणताही संघ बंद करायचा असेल तर किमान एक वर्ष आधी आकड्यांसह कळवा, खेळाडूंना आणि प्रशिक्षकांना विश्वस्त मंडळासमोर बोलू द्या आणि त्या बैठकीत आवाज चालू ठेवा.

आणि शेवटी, जेथे एकत्रित क्रीडा विभाग आहे तेथे मुलींच्या खेळांच्या अर्थसंकल्पावर स्वतंत्र सही करणारी, अध्यक्षांना थेट भेटू शकणारी ज्येष्ठ अधिकारी नेमा. ‘ज्येष्ठ महिला प्रशासक’ हे पद बहुतेक विद्यापीठांत कागदावर आहेच, मात्र त्या पदाला पैशांवर अधिकार नाही. आयोवाने १९७३ मध्ये जे केले ते आज जसेच्या तसे करता येणार नाही, हे मला समजते, आणि दोन विभाग पुन्हा वेगळे करा असा माझा आग्रहही नाही. पण त्या अधिकाऱ्याला पैशांवर अधिकार देण्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि न्यायालयाची परवानगीही लागत नाही, विश्वस्त मंडळाचा एक ठराव पुरतो. २०२६-२७ चा अर्थसंकल्प मंजूर करताना तो ठराव मांडावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक माजी हॉकी खेळाडू आणि विद्यापीठीय खेळाडूची आई